मुलांचा नाताळ

नाताळ हा शब्द मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. पण बहुतेक घरांत तो सणाचें नांव म्हणून येत नाहीं, सुट्टीचें नांव म्हणून येतो. दिवाळीची सुट्टी, नाताळची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, अशी वर्षाची वांटणी मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनीं केली आहे. शब्द मूळचा पोर्तुगीज. त्या भाषेंत त्याचा अर्थ जन्म, म्हणजे अर्थात् येशू ख्रिस्ताचा जन्म. पोर्तुगीजांबरोबर तो पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि मराठींत इतका रुळला कीं, इंग्रजी अमदानींतहि इंग्रजी नांवाला त्याची जागा घेतां आली नाहीं. ज्या ख्रिस्ती घरांत, मंडळ्यांत आणि शाळांत तो सण म्हणून पाळला जातो, तेथें डिसेंबर लागला कीं एक प्रश्न उभा राहतो : यंदा मुलांसाठीं काय करावयाचें? प्रश्न विचारला जातो तो बहुधा सण आठ दिवसांवर आल्यावर, आणि उत्तरहि बहुधा ठरलेलें असतें. एक झाड, तांबडा झगा घातलेला एक म्हातारा, एक केक, थोडीं गाणीं, खाऊच्या पुड्या आणि शेवटीं पाहुण्यांचे आभार. हें सारें करण्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु एवढें केलें म्हणजे मुलांचा सण झाला असें मानणें घाईचें होईल.

मोठ्या माणसांचा सण एका दिवसाचा असतो. मुलांचा तसा नसतो. दिवाळींतला किल्ला ज्यानें लहानपणीं केला असेल त्याला हें सांगावयास नको. लक्ष्मीपूजनाच्या फराळाची चव पुढें विसरली जाते. पण चार दिवस आधीं आणलेली माती, विटांचे तुकडे, गोणपाट आणि पेरलेल्या अळिवाला फुटलेले अंकुर विसरले जात नाहींत. मुलांना सण आपल्या हातांनीं करावयाचा असतो, आणि तो येण्याची वाट पाहावयाची असते. या दोन गोष्टी ज्याच्या ध्यानांत आल्या नाहींत त्यानें कितीहि पैसा ओतला तरी मुलें त्या समारंभांत प्रेक्षकच राहतात.

नाताळच्या देखाव्याचा इतिहास पाहिला तरी त्याच्या मुळाशीं अशीच पूर्वतयारी दिसते. इटलींत रिएतीच्या खोऱ्यांत ग्रेच्चो नांवाचें डोंगरकपारींतलें लहानसें गांव आहे. १२२३ सालीं असिसीचे संत फ्रान्सिस तेथें होते. नाताळच्या सुमारें पंधरा दिवस आधीं त्यांनीं त्या गांवच्या जॉन नांवाच्या एका गृहस्थाला बोलावून सांगितलें कीं, बेथलेहेमांत बाळ कोणत्या अडचणींत जन्मलें, गवतावर कसें निजलें, तें या डोळ्यांनीं पाहावें अशी इच्छा आहे. तेवढी तयारी करून ठेवावी. जॉननें गव्हाण आणली, गवत आणलें, बैल आणि गाढव आणून उभें केलें. नाताळच्या रात्रीं आसपासचे लोक मशाली व मेणबत्त्या घेऊन आले आणि त्या गव्हाणीशीं उपासना झाली. ही हकीकत फ्रान्सिस यांच्या मृत्यूनंतर दोनतीन वर्षांतच चेलानोच्या थॉमसनें लिहिलेल्या चरित्रांत आहे. म्हणून ती नुसती दंतकथा नव्हे. आज वसईंत व गोव्यांत घरोघर जो गोठा मांडतात त्याचें कूळ तेथवर पोंचतें. त्या गोठ्याला सोनेरी कागद नव्हता कीं विकतची मूर्ति नव्हती. एका माणसाला पंधरा दिवसांचा अवधि दिला होता आणि काय हवें तें नेमकें सांगितलें होतें.

तथापि मुलांच्या नाताळाचा विचार करतांना ज्या घराची आठवण अवश्य ठेवावी तें घर इटलींत नाहीं. तें जर्मनींत हॅम्बुर्ग येथें आहे.

योहान हिन्रिख विखेर्न याचा जन्म १८०८ सालीं त्या शहरांत झाला. पंधराव्या वर्षीं वडील वारले. घरांत धाकटीं भावंडें. तेव्हां स्वतः शिकत असतांनाच शिकवण्या करून त्यानें घराला हातभार लावला. पुढें धर्मशास्त्राचें शिक्षण पुरें करून तो हॅम्बुर्गला परतला आणि सांक्ट गेओर्ग या उपनगरांतील रविवारच्या शाळेंत शिकवूं लागला. शाळेंत येणाऱ्या मुलांच्या घरीं जाण्याचा त्यानें प्रघात ठेविला. हॅम्बुर्ग हें श्रीमंत व्यापाराचें बंदर; पण त्याच्या गल्लीबोळांतल्या अंधाऱ्या खोल्यांतून त्याला उपासमार, दारू आणि चोरी करून पोट भरणारीं पोरें दिसलीं. आठवड्यांतून एक दिवस बांकावर बसवून या मुलांचें कांहीं होणार नाहीं, त्यांना घरच दिलें पाहिजे, असें त्याच्या मनानें घेतलें. कार्ल सिव्हेकिंग नांवाच्या एका वजनदार गृहस्थानें हॉर्न या त्या वेळच्या खेड्यांतलें एक जुनें, झोंपडीवजा घर त्याला दिलें, आणि १८३३ च्या हिवाळ्याच्या तोंडावर आई व बहीण यांना घेऊन विखेर्न तेथें राहावयास गेला. या घराला 'राउहेस हाउस' म्हणत. शब्दशः अर्थ खडबडीत घर. पण पूर्वीच्या कोणा रूगे नांवाच्या मालकावरून अपभ्रंश होऊन हें नांव पडलें असें सांगतात. वर्ष संपण्याच्या आंत तेथें बारा मुलगे आले होते.

या घराची रीत त्या काळच्या पोरक्या मुलांच्या संस्थांहून वेगळी होती. सभोंवतीं तट नव्हता, दाराला अडसर नव्हता. आलेल्या मुलाला त्याच्या मागल्या अपराधांची क्षमा झाली आहे असें पहिल्याच दिवशीं सांगत. शेंदोनशें मुलें एका दालनांत कोंबण्याऐवजीं दहाबारा मुलांचें एक कुटुंब करीत, आणि त्या कुटुंबाबरोबर मोठा भाऊ म्हणून एक तरुण मनुष्य राही. मुलें शाळा शिकत आणि त्याबरोबर हातांचे धंदेहि शिकत.

अशा मुलांना नाताळ म्हणजे काय? ज्याला घर आहे त्याला हा सण घराची आठवण देतो. ज्याला घर नाहीं त्याला तें नसल्याची आठवण देतो. सणाचा हा निर्दय भाग वसतिगृहांत किंवा बालकाश्रमांत काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. विखेर्नच्या घरीं नाताळ जवळ आला कीं मुलें रोज विचारीत, आतां किती दिवस राहिले? या प्रश्नाचें उत्तर त्यानें १८३९ सालीं एका जुन्या गाडीच्या चाकानें दिलें. चाक आडवें टांगलें; त्यावर रविवारांसाठीं चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि इतर दिवसांसाठीं लहान तांबड्या मेणबत्त्या बसविल्या. रोज प्रार्थनेच्या वेळीं एक मेणबत्ती अधिक पेटे. सगळ्या पेटल्या कीं नाताळ आला.

येथें थोडें गणित करणें भाग आहे. ख्रिस्तजन्माच्या आधींचे चार रविवार ज्या काळांत येतात त्याला आगमनकाळ म्हणतात. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान केव्हांहि पडतो. त्यामुळें २४ डिसेंबरपर्यंतचे दिवस कधीं बावीस भरतात, तर कधीं अठ्ठावीस. १८३९ सालीं १ डिसेंबरलाच रविवार होता; म्हणून त्या वर्षींच्या हिशेबानें मोठ्या चार आणि लहान वीस अशा चोवीस मेणबत्त्या होतात. लहान मेणबत्त्यांचा आंकडा दरवर्षीं बदलतो. यंदा किती लागतील हें कॅलेंडर समोर ठेवून मुलांनाच काढावयास सांगावें. शाळेच्या पुस्तकांत इतकें मनापासून सोडविलेलें उदाहरण क्वचितच सांपडेल.

पुढें चाकाला हिरव्या डाहाळ्या गुंडाळूं लागले. घरोघरीं मांडण्यासाठीं त्याचा आकार लहान झाला, लहान मेणबत्त्या गळाल्या, आणि चारच उरल्या. १९२५ सालीं कोलोन येथें एका रोमन कॅथलिक देवळांत तें वर्तुळ टांगलें गेलें, आणि आज तें दोन्ही पंथांच्या देवळांत दिसतें. मात्र लहान मेणबत्त्यांबरोबर मुलांचा वांटाहि थोडा गळाला असें म्हणावें लागतें. रविवारची मोठी मेणबत्ती देवळाची होती. रोजची तांबडी मेणबत्ती मुलांची होती. त्यांना रोज थोडा उजेड वाढलेला दिसे, आणि उद्यां तो आजच्याहून अधिक असणार याची खात्री असे. ज्या मुलाच्या आयुष्यांत उद्यांचें कांहींच कधीं निश्चित नव्हतें त्याला ही खात्री मिळणें लहान गोष्ट नव्हती.

जर्मन घरांत वाट पाहण्याच्या दुसऱ्याहि युक्त्या होत्या. दारावर खडूनें चोवीस रेघा ओढावयाच्या आणि मुलानें रोज एक पुसावयाची, ही त्यांतली सर्वांत स्वस्त. गेरहार्ट लांग नांवाच्या म्युनिक येथील प्रकाशकाला लहानपणीं आईनें पुठ्ठ्यावर चोवीस बिस्किटें लावून दिलीं होतीं. ती आठवण धरून विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यानें छापील कॅलेंडरें काढलीं. रोज एक खिडकी उघडावयाचीं जीं कॅलेंडरें आज चॉकलेट भरून दुकानांत मिळतात त्यांचा हा पूर्वज. मराठी घरांत आणि मराठी शाळेंत मात्र खडूची रेघ अधिक बरी. खडू सगळ्या घरांत असतो, आणि रेघ सर्वांना सारखी मिळते.

वाट पाहण्याला हातांचें काम जोडणें इकडे फार सोपें आहे, कारण इकडचा नाताळचा फराळच तसा आहे. गोव्याकडे व वसईकडे कुलकुल करतात. मैद्याच्या गोड पिठाची लहानशी गोळी नव्या फणीवर किंवा काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळली कीं शिंपल्यासारखी रेघारेघांची वळी होते. मग ती तळावयाची. तळणें मोठ्यांचें, वळणें मुलांचें. पांच वर्षांच्या मुलालाहि तें साधतें, आणि वळी वेडीवांकडी झाली तरी तळल्यावर चवींत फरक पडत नाहीं. अहमदनगरकडील ख्रिस्ती घरांत करंज्या, लाडू, शेव असा दिवाळीसारखाच फराळ होतो. तेथें करंजीला मुरड घालण्याचें काम मुलींबरोबर मुलग्यांनाहि द्यावें. त्यांत त्यांचें कांहीं बिघडत नाहीं. चांदणीच्या कंदिलाचेंहि तसेंच. कामट्यांचा आकाशकंदील ज्यानें दिवाळींत बांधला त्याला पांच टोंकांची चांदणी निराळी शिकवावी लागत नाहीं. या कामाला शेजारच्या हिंदु किंवा मुसलमान घरचीं मुलें बोलवावीं. तीं हौसेनें येतात. उपासनेला त्यांनीं बसावें कीं नाहीं हें त्यांच्या आईबापांनीं ठरवावें, आणि तें त्यांना आधींच उघडपणें विचारून घ्यावें. मागाहून गैरसमज झाला तर त्याचें दुःख मोठ्यांपेक्षां मुलांनाच अधिक होतें.

आतां नाटिका. नाताळच्या कार्यक्रमांत सर्वांत जास्त रडणें जर कशामुळें होत असेल तर तें या नाटिकेमुळें. भूमिका मोजक्या आणि मुलें पुष्कळ, अशी तक्रार नेहमीं ऐकूं येते. पण मूळ ग्रंथ उघडून पाहिला तर ही तक्रार टिकत नाहीं. ख्रिस्तजन्माची कथा मत्तय आणि लूक या दोनच शुभवर्तमानांत आहे. लूकमध्यें गव्हाण आणि मेंढपाळ आहेत. तारा आणि पूर्वेकडचे ज्ञानी लोक मत्तयमध्यें आहेत. ते तीन होते असें कोठेंहि लिहिलेलें नाहीं. भेटी तीन होत्या, म्हणून माणसें तीन मानण्याची चाल पडली. बैल व गाढव तर या कथेंत नाहींतच. ते यशयाच्या पुस्तकांतल्या एका वचनाच्या आधारानें गोठ्यांत शिरले. उतारशाळेच्या मालकाचा उल्लेखसुद्धां नाहीं. जागा नव्हती, एवढेंच लूक सांगतो. म्हणजे देखावा बसविणाऱ्याला मोकळीक भरपूर आहे. ज्ञानी लोक पांच करावेत, मेंढपाळ दहा करावेत, मेंढरें हवीं तितकीं. देवदूतांचा तर समुदायच म्हटला आहे.

अडचण असते ती मरीया आणि योसेफ यांची. चिटणिसांचा मुलगा योसेफ आणि वर्गांतली सर्वांत गोरी मुलगी मरीया, असा अलिखित नियम बऱ्याच ठिकाणीं दिसतो. मरीया गोरीच असली पाहिजे ही समजूत कोठून आली असेल ती असो. नाझरेथच्या त्या मुलीचा रंग कोणीं लिहून ठेवलेला नाहीं. एका डब्यांत चिठ्ठ्या टाकून मुलांसमोर काढाव्यात, म्हणजे ओरड बंद होते. ज्या मुलाला चारचौघांत बोलण्याची भीति वाटते, किंवा ज्याची जीभ अडखळते, त्याला वगळूं नये आणि त्याच्याकडून बळेंच वाक्येंहि म्हणवूं नयेत. त्याच्या हातीं तारा द्यावा. काठीला बांधलेला तारा घेऊन पुढें चालणें हें बोलण्यापेक्षां जबाबदारीचें काम आहे. तारा भलतीकडे वळला कीं सगळे ज्ञानी लोक त्याच्यामागोमाग पडद्यांत शिरतात.

गाण्यांविषयीं फार सांगावयास नको. ऑस्ट्रियांत ओबर्नडॉर्फ येथें १८१८ सालीं २४ डिसेंबरला योझेफ मोर या तरुण पाद्र्यानें लिहिलेलें आणि फ्रान्झ ग्रूबर या शाळामास्तरानें चाल लाविलेलें एक गीत त्या दोघांनीं गिटारच्या साथीवर म्हटलें. 'सायलेंट नाईट' म्हणून तेंच आज जगभर म्हणतात. त्यांचें गिटारवर भागलें, तर पेटी आणि तबला घरांत असतां परक्या वाद्यासाठीं अडून बसण्याचें कारण नाहीं. अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून आहे, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं (१८६१–१९१९) मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंगाचें व भजनाचें वळण दिलें. ज्यांना महाराष्ट्र फुलामुलांचे कवि म्हणून ओळखतो त्यांची पदें मुलांच्या तोंडीं लवकर बसतात. भाषांतरित गीतांत सूर वर जातो तेथें नेमका जोडाक्षराचा अडथळा येतो आणि मुलें थबकतात.

सर्वांत अवघड भाग भेटींचा.

मुलांच्या संस्थांतून एक देखावा पुष्कळांनीं पाहिला असेल. व्यासपीठावर देणगीदार बसलेले असतात. मुलें रांगेनें उभीं असतात. एकेकाचें नांव पुकारतात. मूल पुढें जातें, पुडकें घेतें, शिकविल्याप्रमाणें आभाराचें वाक्य म्हणतें, छायाचित्र निघेपर्यंत थांबतें आणि परत रांगेंत जातें. मुलाला वस्तु मिळते हें खरें. पण तें गरीब आहे ही गोष्टहि त्याच वेळीं शंभर माणसांसमोर जाहीर होते. दहा वर्षांच्या मुलाला तें कळतें. बारा वर्षांच्या मुलाला तें बोंचतें, आणि तें पुढच्या वर्षीं पोट दुखतें म्हणून बिछान्यावर पडून राहतें. देणाराचा हेतु वाईट नसतो. त्याला फक्त आपल्या पैशाचा आनंद डोळ्यांनीं पाहावयाचा असतो. परंतु हा सण कोणाचा, हें अशा वेळीं ठरवावें लागतें. देणगीदारांना बोलवावें, त्यांचा मान ठेवावा, आणि त्यांना मागच्या रांगेंत मुलांच्या आईबापांबरोबर बसवावें. कार्यक्रम झाल्यावर ताटें उचलावयास लागले तर मुलें त्यांना अधिक काळ लक्षांत ठेवतील.

मंडळींच्या समारंभांत याचीच दुसरी बाजू दिसते. सुखवस्तु आईबाप आपापल्या मुलांसाठीं आणलेल्या भेटी झाडाखालीं ठेवतात, आणि तांबड्या झग्यांतला म्हातारा नांव पुकारून त्या वांटतो. एकाला सायकल मिळते, एकाला दोन पेन्सिली. वर असें सांगितलें जातें कीं, वर्षभर जीं चांगलीं वागलीं त्यांना बाबांनीं चांगल्या वस्तु आणल्या. पेन्सिली मिळालेल्या मुलानें मग काय समजावें? आणि विशेष हें कीं, ज्या संताच्या नांवावरून हा म्हातारा निघाला त्याची कथा याच्या अगदीं उलट आहे. संत निकोलस हा चौथ्या शतकांतला, आज तुर्कस्तानांत असलेल्या मायरा या शहराचा बिशप. एका दरिद्री माणसाच्या तीन मुलींच्या हुंड्यासाठीं त्यानें रात्रीं गुपचुप घरांत सोनें टाकलें, अशी आख्यायिका आहे. कथेचा सारा भर त्या अंधारावर आहे. देणाराचें तोंड दिसूं नये म्हणून तो रात्रीं गेला. ६ डिसेंबर हा त्याचा दिवस. कांहीं युरोपीय देशांत त्याच्या आदल्या रात्रीं मुलें जोडे मांडून ठेवतात आणि सकाळीं त्यांत खाऊ सांपडतो. तेथेंहि रांग नाहीं आणि आभाराचें वाक्यहि नाहीं.

म्हणून सामुदायिक समारंभांत भेटीच्या किंमतीची मर्यादा आधीं ठरवावी आणि ती सर्वांनीं पाळावी. घरच्या मोठ्या भेटी घरींच द्याव्यात. पुडक्यांना कागद एकाच रंगाचा असावा. यादी दोनदां तपासावी, कारण एका मुलाचें नांव राहणें यासारखा अपघात नाहीं. आणि यादीपेक्षां पांचसहा पुडकीं जास्त ठेवावीं, कारण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणारी बहीण प्रत्येक समारंभांत असतेच. ज्या घरांत त्या वर्षीं मृत्यु झाला असेल तेथल्या मुलाला यावयाचें कीं नाहीं, नाटिकेंत उभें राहावयाचें कीं नाहीं, हें वेगळें बोलावून विचारावें, आणि तें जें म्हणेल तें मान्य करावें. मुलांनीं नुसतें घेऊं नये, द्यावेंहि. शाळेचा शिपाई, झाडणारी बाई, रोज फाटकाशीं बसणारा म्हातारा, यांच्यासाठीं मुलांनीं वळलेलें कुलकुल पुडींत बांधून त्यांच्याच हातानें द्यावें.

सर्वांना सारखी भेट म्हणून एक जुनी चाल घेण्याजोगी आहे. १७४७ सालीं २० डिसेंबरला जर्मनींत मारिएनबोर्न येथें मोरेव्हियन पंथाच्या योहानेस फॉन वाटेव्हिले यांनीं उपासनेला आलेल्या प्रत्येक मुलाच्या हातीं तांबडी फीत बांधलेली एक पेटती मेणबत्ती दिली. १९६८ सालीं इंग्लंडमध्यें लिंकनच्या कॅथीड्रलमध्यें ही चाल नव्या रूपानें सुरू झाली. संत्र्याला तांबडी फीत, वर मेणबत्ती, आणि चार काड्यांवर सुका मेवा व गोळ्या. संत्रें म्हणजे जग, मेणबत्ती म्हणजे ख्रिस्त, काड्या म्हणजे चार ऋतु, असा अर्थ मुलांना सांगतात. डिसेंबरांत नागपुरी संत्रें बाजारांत असतें. मनुके आणि काजू मिळतात. पन्नास मुलांसाठीं पन्नास सारखीं संत्रीं, यांत लहानमोठेपणाला जागाच राहत नाहीं.

पण मेणबत्ती आली कीं विस्तवाचा विचार आला, आणि तो येथें थांबून करावयास हवा. अमेरिकेंत ओक्लाहोमा राज्यांत होबार्ट गांवाजवळ बॅब्स स्विच म्हणून एक जागा आहे. तेथें एका खोलीची शाळा होती. १९२४ सालीं २४ डिसेंबरच्या रात्रीं आसपासचे शेतकरी मुलाबाळांसह तेथें नाताळासाठीं जमले होते. झाडावर पेटत्या मेणबत्त्या होत्या. सांताक्लॉजचा पोशाख केलेला एक विद्यार्थी भेटी वांटीत असतांना झाडानें पेट घेतला. खोलीचें दार आंत उघडणारें होतें. लोटलेल्या गर्दीमुळें तें उघडतां येईना. खिडक्यांना, बाहेरच्यांनीं कांचा फोडूं नयेत म्हणून, जाड तारेची जाळी ठोकलेली होती. छत्तीस माणसें मेलीं. त्यांत लहान मुलें पुष्कळ होतीं. विजेच्या दिव्यांनीं सजविलेलें झाड न्यूयॉर्कमध्यें एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानें १८८२ सालींच करून दाखविलें होतें; पण त्या माळावर तें पोंचलें नव्हतें.

महाराष्ट्रांतल्या किती तरी शाळांच्या दिवाणखान्यांना खिडक्यांचे गज आणि एकच दार असतें, आणि त्या दाराशीं चपलांचा ढीग पडलेला असतो. कार्यक्रमाच्या दिवशीं तो ढीग तेथें नसावा, दोन्ही दारें उघडीं असावींत, आणि तेथें एक जबाबदार मनुष्य शेवटपर्यंत उभा असावा. वाळूच्या व पाण्याच्या बादल्या भरून ठेवाव्यात. झाडावर आणि गोठ्यांत मेणबत्ती मुळींच नको. बर्फ म्हणून पसरलेला कापूस आणि सांताक्लॉजची कापसाची दाढी एका ठिणगीनें पेटतात. विजेच्या माळाहि कापसापासून व गवतापासून दूर बांधाव्यात, आणि वायर सोललेली नाहीं हें पाहून घ्यावें. संत्र्यावरच्या मेणबत्त्या मोकळ्या अंगणांत, मुलांच्या मोकळ्या केसांना वेण्या घालून, पांच मुलांमागें एक मोठें माणूस ठेवून पेटवाव्यात. इतकीं माणसें मिळत नसतील तर त्या न पेटवतां तशाच हातीं द्याव्यात. मुलें थोडीं हिरमुसतील. हिरमुसलीं तरी चालेल.

प्रत्यक्ष समारंभ लहान असावा. पांच वाजतां सुरू होऊन साडेसहाला मुलें जेवावयास बसलीं पाहिजेत. २४ तारखेच्या रात्रीं मोठ्यांची मध्यरात्रीची उपासना असते, म्हणून मुलांचा दिवस त्याआधींच्या रविवारीं ठेवणें सोयीचें. अध्यक्षीय भाषण पांच मिनिटांचें असावें, आणि अध्यक्षांना तसें घरींच कळवावें. व्यासपीठावर चिठ्ठी पाठविण्याचा कांहीं उपयोग होत नाहीं.

पंचवीस तारीख गेली म्हणजे नाताळ संपला असें मुलांना वाटूं देऊं नये. जुन्या गणनेप्रमाणें तो ६ जानेवारीपर्यंत चालतो; त्या दिवशीं ज्ञानी लोकांच्या आगमनाचा सण असतो. गोव्यांत रेइस मागूस, चांदोर आणि कासावली येथें त्या दिवशीं लहान मुलगे राजे होतात. झगझगीत झगे आणि मुकुट घालून ते देवळाकडे येतात, आणि सारा गांव त्यांना पाहावयास लोटतो. पंचवीस तारखेच्या नाटिकेंत ज्यांना मेंढरें व्हावें लागलें असेल त्यांच्यासाठीं हा दिवस राखून ठेवावा, आणि त्या दिवशीं मुकुट त्यांनाच द्यावेत.

दुसऱ्या दिवशीं गोठा काढावा. तोहि मुलांच्याच हातानें. मूर्ति कागदांत गुंडाळून, चांदण्या घडी करून, पेटीवर वर्ष लिहून ठेवावें. उरतें तें गवत. ग्रेच्चोच्या त्या रात्रीनंतर गांवकऱ्यांनीं गव्हाणींतलें गवत जपून ठेवलें आणि पुढें आजारी गुरांना तें घातलें, असें थॉमसनें लिहून ठेवलें आहे. शहरांत गाय शोधावी लागेल. पण एखादी गोशाळा किंवा कोपऱ्यावरचा दूधवाला सांपडतोच. मुलांनीं पेंढी उचलून तेथपर्यंत चालत न्यावी.